सव्विसावी पत्रावळ

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एकदा झाऱ्या-पळ्यांच्या आकृत्या काढल्या होत्या. झाऱ्याच्या जागी झारा, पळीच्या जागी पळी, खाली छापील पट्ट्या. बायकोने तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी तिने लाटणं त्याच्या जागेवरून उचललं, हातातच ठेवलं आणि मला शांतपणे सांगितलं की तुमचा कारखाना भोसरीला आहे, इथे नाही. तेव्हापासून आमच्या घरात सुधारणा बंद आहेत.

भोसरीला मात्र मी तीस वर्षं हेच केलं. त्याला लीन म्हणतात. जपानी मोटारवाल्यांनी घडवलेली ही कामाची रीत. तिचा सारा अर्क दोन वाक्यांत मावतो: गिऱ्हाइकाला जे नको ते करू नका, आणि जे करता ते रोज थोडं थोडं सुधारा. बाकीचे तक्ते, पाट्या आणि रंगीत कागद आम्ही पोटापाण्यासाठी वाढवले. निवृत्त झाल्यावर सुधारायला कोणी उरलं नाही. अशात गडचिरोलीकडे बचतगटांचं काम पाहणाऱ्या ओळखीच्या एका मुलीचा फोन आला. चामोर्शीपलीकडच्या एका गावात बायकांचं पत्रावळींचं केंद्र अडचणीत आहे, आठवडाभर याल का? तिचं वाक्य संपायच्या आत मी बॅगेत स्टॉपवॉच टाकलं होतं. बायकोनेही जरा जास्तच उत्साहाने बॅग भरून दिली.

चामोर्शी आणि पुढे

चंद्रपूरला उतरलो तेव्हा घड्याळात सकाळचे नऊ आणि उन्हात दुपारचे बारा वाजले होते. फाल्गुनाचा महिना. मूल हे गाव सोडलं की रस्त्याला जंगल लागतं. साग निष्पर्ण उभे आणि मध्ये मध्ये पळस नुसता पेटलेला. आमच्या पुण्यात पळस दिसला तर लोक गाडी थांबवून फोटो काढतात. इथे बसमधल्या एकानेही मान वळवली नाही, मी एकटाच खिडकीला नाक लावून बसलो होतो.

चामोर्शीला बाजाराचा दिवस होता. सुकट, मिरच्या, बांबूच्या टोपल्या आणि गूळ यांचा मिळून एक वास येत होता. तिथून मुलचेऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर एका फाट्यावर चहा घेतला. दुकानदार बंगाली. पन्नाससाठ वर्षांपूर्वी निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातला, पण मराठी चामोर्शीची. त्याने चहाबरोबर न मागता रसगुल्ला दिला. मी मनातल्या मनात त्याची नोंद ‘अनावश्यक प्रक्रिया’ म्हणून केली आणि आणखी एक मागितला.

गावात पोहोचलो. केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत तापणाऱ्या साच्याचं एक यंत्र, कोपऱ्यात पोतीच्या पोती वाळलेली पळसाची पानं, आणि बारा बाया. त्यांच्या प्रमुख सिंधूबाई, चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, बोलणं तोफेसारखं.

“या जी भाऊ. तुमी पुण्याहून आमाले काम शिकवाले आले म्हंते. आता पह्यले जेवून घ्या, मंग शिकवा.”

जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि झिंग्यांची चटणी. पोळीची वाट पाहत मी थोडा वेळ हात आवरून बसलो. पोळी आली नाही, भातच पुन्हा आला. पुढचे सहा दिवस तिन्ही त्रिकाळ भात खाऊन माझी पॅन्ट कमरेला आवळू लागली, हे इथेच सांगून टाकतो.

जेवता जेवता सिंधूबाईंनी अडचण सांगितली. चंद्रपूरच्या एका मोठ्या केटरिंगवाल्याला लग्नसराईसाठी पत्रावळी लागतात. त्याने दोनदा माल परत पाठवला, कारण पत्रावळीतून वरण गळतं. यंत्र संस्थेने तात्पुरतं दिलेलं. तिसऱ्यांदा माल परत आला की ते दुसऱ्या गावाला जाणार.

“गेलं तर गेलं, असं नाई का म्हणता येत?” मी विचारलं. इथली भाषा मला दोन तासांतच लागली होती.

“नाई जी,” त्या म्हणाल्या. “दरसाल आमी समद्या ह्या टायमाले तेलंगणात मिरची तोडाले जातो. दोन-दोन मयने. हात जळते, डोये जळते, पोरायची शाळा बुडते. यंदा पह्यल्या खेपेस कोणीच गेलं नाई. मीच थांबवलं सगळ्यायले. आता हे यंत्र गेलं तर मी कोन्या तोंडानं सांगू का चला, बांधा गठुडं?”

मी वरणात बोटं तशीच ठेवून बसलो. स्टॉपवॉच दाखवायची हौस जराशी कमी झाली.

शेडमधली घंटा

पहिला दिवस मी नुसता पाहिला आणि मोजला. हे काम मला मनापासून आवडतं. एक बाई पानं निवडते, दुसरी ओली करते, चार जणी बांबूच्या बारीक काड्यांनी टाचतात, मग ढीग, मग साचा, मग पुन्हा ढीग, मग गठ्ठा. पानं शेडच्या एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला. पानं भिजवणारी बाई दिवसभरात किती चालते ते मी मोजलं. तेवढ्या पावलांत ती चामोर्शीच्या निम्म्या वाटेपर्यंत गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी पानांशेजारी आली आणि मला पुण्याहून आल्याचं सार्थक वाटलं. टाकी हलवायला अर्धा तास लागला, आणि तिथे ठेवायचं कारण विचारलं तर कळलं की आणणाऱ्याने ती तिथे उतरवली होती.

खरा रोग ढिगांत होता. टाचलेल्या पत्रावळींचा ढीग साच्याजवळ दोन-दोन तास पडून राही, पानं सुकत, आणि सुकलेलं पान साच्यात दाबलं की तडकतं. म्हणजे कामाची घाई होती आणि मालाची वाट पाहणंही होतं. मी ढीग बंद केले. टाचली की लगेच साच्याकडे. साचेवाली मागेल तेव्हाच पुढची टाचायची. हेही जपान्यांचंच. मोटार बनवणारा त्यांचा एक इंजिनियर अमेरिकेतल्या दुकानांमुळे भारावला होता असं सांगतात, तिथल्या मोटारींच्या कारखान्यांमुळे नव्हे. फळीवरचा डबा गिऱ्हाइकाने उचलला की तेवढाच नवा डबा तिथे येतो, आधी नाही. त्याला वाटलं, कारखानाही असाच चालला पाहिजे.

“बरं झालं थो आमच्या दुकानात नाई आला,” सिंधूबाई म्हणाल्या. “इथी तं डबा उचलला तरी नवा येत नाई.”

बाया खूप हसल्या. मीही हसलो आणि पुढची गोष्ट सांगितली. त्या मोटारींच्या घराण्याचा मूळ पुरुष सुताराचा मुलगा. आई मागावर बसायची. एक धागा तुटायचा आणि ते लक्षात येईपर्यंत हातभर कापड वाया जायचं. त्याने पुढे असा माग बनवला की धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चूक झाली की तिथल्या तिथे थांबायचं, पुढे ढकलायची नाही. त्यांच्या मोटारींच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही बिघडलं तर साधा कामगारसुद्धा ती ओढतो आणि मग साहेब धावत येतो.

बायांना मोटारींचं काही वाटलं नाही, पण साहेब धावत येतो हे फार आवडलं. कुणाच्या तरी गोठ्यातून बैलाच्या गळ्यातली घंटा आली. ती मी आढ्याला टांगली, दोरी सोडली आणि सांगितलं, फाटकी पत्रावळ दिसली की ओढा.

दिवसभर घंटा वाजली नाही. संध्याकाळी गठ्ठ्यात मला आठ फाटक्या मिळाल्या. आठही चार-चार हातांतून गेलेल्या.

“काऊन नाई वाजवली?” मी विचारलं.

बोलल्या त्या लछमाबाई. या शेजारच्या जंगलातल्या टोलीवरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून येणाऱ्या, साठीच्या पुढच्या, गोंड. घरी गोंडी बोलायच्या आणि आमच्याशी मोजकं मराठी.

“थे टाचते माही सून,” त्या म्हणाल्या. “तिच्या नावानं मी घंटा वाजवू? गावभर आवाज जाते.”

तीस वर्षांत मी एवढं नेमकं उत्तर ऐकलं नव्हतं. भोसरीतही कोणी दोरी ओढत नसे आणि आम्ही त्यावर चार-चार बैठका घेत असू. सिंधूबाईंनी तिथेच तोडगा काढला. दुसरीच्या नावानं वाजवायची नाही. जिच्या हातून बिघडलं तिनंच वाजवायची. दुसऱ्या दिवशी पहिली घंटा स्वतः सिंधूबाईंनी वाजवली आणि शेडभर सांगितलं, “माह्या हातची फाटली वो!” मग लाज मोडली. दुपारपर्यंत इतक्यांदा घंटा वाजली की बाहेर रस्त्यावर एक बैलजोडी थबकून उभी राहिली. पण प्रत्येक घंटेमागे एक कारण सापडत गेलं. काडी जाड, पान उलटं, साचा जास्त तापलेला. तिसऱ्या दिवशी फाटक्या जवळजवळ थांबल्या. एक-दोन निघत, त्या जळणाला चुलीजवळच्या राशीत.

मी स्वतःवर फार खूश होतो, आणि नेमकं इथेच घोटाळा झाला.

एक जास्तीची

गठ्ठा पंचवीसचा. लछमाबाई बांधत. मी मोजले तर प्रत्येक गठ्ठ्यात सव्वीस.

“लछमाबाई, एक जास्त जाते.”

“हो. वरची.”

“काऊन?”

“पुरे मोजून देत नाई कोनी. एक वरून द्या लागते.”

सगळ्यांनीच माना डोलावल्या. बाजारात दाणे मोजले की एक मूठ वरून, मोहफुलं मोजली की एक ओंजळ वरून. नेमकं मोजून द्यायचं म्हणजे हात आखडल्यासारखं. आमच्या शास्त्रात सात नासाड्या सांगितल्या आहेत आणि त्यांतली सगळ्यांत वाईट म्हणजे लागतं त्याहून जास्त बनवणं. मला अगदी पुस्तकातलं उदाहरण हाताशी आलं होतं. दोनशे गठ्ठे, म्हणजे दोनशे पत्रावळी फुकट. मी खडूने फळ्यावर हिशेब मांडला आणि सांगितलं की आजपासून पंचवीस म्हणजे पंचवीस.

लछमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हळूच वर, दोरीकडे गेला.

“अहो, नाही नाही,” मी हसत म्हणालो. “घंटा बिघाडासाठी आहे. ही सुधारणा आहे.”

हात खाली आला. त्यांनी निमूटपणे प्रत्येक गठ्ठ्यातली वरची पत्रावळ काढून ठेवली.

गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर

माल गावातल्या मारोतीभाऊंच्या टेम्पोतून निघाला आणि कौतुक ऐकायला मी सोबत. मारोतीभाऊ गाडी एका हाताने चालवत आणि दुसऱ्या हाताने वाघ कुठे कुठे दिसला ते दाखवत. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला. पाणी आटून रेतीचे पट्टे उघडे पडलेले, मध्ये एक निळी धार. गोंडपिपरीला चहा-भजी झाली. तिथपासून रस्ता असा की बोलताना जीभ चावली जाई. मारोतीभाऊ तरी बोलतच होते.

केटरिंगवाले शेठ भले गृहस्थ वाटले. त्यांनी एक गठ्ठा सोडला, वरची पत्रावळ उचलली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. सुतळीने ती मधोमध चिरली होती. दुसरा गठ्ठा, तीच गत. तिसरा, चौथा.

“आतल्या एक नंबर आहेत,” ते म्हणाले. “पण पंचवीस लिहून चोवीसच कामाच्या. पंगतीत दोनशे पाहुणे पत्रावळीवाचून बसवू का? मागच्या खेपेला गळत होत्या, पण कमी नव्हत्या भरल्या.”

मी खूप बोललो. शेवटी ते एवढंच कबूल झाले की परवा सकाळपर्यंत पुरा माल आला तर ठेवतील, नाहीतर दुसरीकडे सांगतील. दोनशे गठ्ठे परत टेम्पोत चढले. परतीला मारोतीभाऊंनी वाघाचं नाव काढलं नाही. मला खरोखर रडू येत होतं. सिंधूबाईंनी बारा जणींना मिरचीच्या शेतापासून अडवलं होतं, आणि मी खडूच्या एका हिशेबात त्यांना तिकडे पाठवायच्या बेतात होतो.

पाच काऊन

शेडमध्ये शिरलो आणि आधी दोरी ओढली.

“माझ्या हातची फाटली,” मी म्हणालो. “दोनशे. लछमाबाई, तुमचा हात मी अडवायला नको होता.”

कोणी हसलं नाही, रागावलंही नाही. लछमाबाईंनी एक फाटकी पत्रावळ हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “थे तुमचं पाच खेपेस इचारनं करा ना जी.”

आधीच्या दिवशी मी ते शिकवलं होतं. बिघाड दिसला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं. इथे अर्थातच पाच काऊन.

“वरची काऊन फाटली?” सिंधूबाईंनी सुरू केलं.

“सुतळीनं कापली.”

“सुतळीनं काऊन कापली?”

“लय आवळली.”

“काऊन आवळली?”

“ढिली बांधली तर गठ्ठा रस्त्यानं सुटते.”

“काऊन सुटते?”

“गाडी उडते.”

“गाडी काऊन उडते?”

“थे आमदाराले इचारा,” दारातून मारोतीभाऊ म्हणाले, आणि शेड एकदाची हसली.

मग कळलं की आजवर ती वरची पत्रावळ सुतळीचा मार खात होती आणि खालच्या पंचवीस सुखरूप पोहोचत होत्या. लछमाबाईंनाही हे ठाऊक नव्हतं. त्या हात आखडायचा नाही म्हणून देत होत्या. मला कारण दिसलं नाही म्हणून मी काढून टाकली. दोघांनीही काऊन विचारलं नव्हतं, पण त्यांच्या न विचारण्याने माल वाचत होता आणि माझ्या न विचारण्याने बुडाला.

मी लगेच सुचवलं की वर प्लास्टिकचा कागद घालू. घंटा वाजली. दोरी लछमाबाईंच्या हातात होती आणि या वेळी त्यांनी ती चांगली जोरात ओढली होती.

“प्लास्टिकच घालाचं तं पळसाचं पान कायले वाचवता जी?”

मी साहेबासारखा धावलो नाही, कारण शेजारीच उभा होतो. पण थांबलो. मग त्यांच्या सुनेने, सबंध आठवड्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलत, चुलीजवळची फाटक्यांची रास दाखवली. फाटलेली पत्रावळ आणखी काय फाटणार? एक वर, एक खाली, मध्ये चांगल्या पंचवीस. चुलीत जाणारा माल पहारेकरी झाला. सव्विसावी चांगली द्यायची गरज उरली नाही आणि गठ्ठाही उघडा राहिला नाही. मी जपानला जाऊन आलो आहे, पण असं नामी काम तिथेही क्वचित पाहिलं.

दोनशे गठ्ठे सोडून पुन्हा बांधायला पुढचा अख्खा दिवस गेला. रास पुरेना, म्हणून मी आधी काढायला लावलेल्या दोनशे चांगल्या पत्रावळींनी चिरलेल्यांची जागा घेतली आणि चिरलेल्या पहाऱ्यावर गेल्या. खाली घालायला नुसती जाड वाळकी पानं चालून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत मारोतीभाऊंशेजारी मी नाही, सिंधूबाई बसल्या. मी मागे, मालाबरोबर, आणि ती जागा मला योग्यच होती.

शेठनी दहा गठ्ठे सोडले. वरची फाटकी पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. सिंधूबाईंनी ती उचलून बाजूला फेकली.

“थे मोजू नका. थे रस्त्याची हाये. आता मोजा.”

पंचवीस. दहाही वेळा पंचवीस. शेठनी पत्रावळीत पाणी ओतून पाहिलं आणि थोडा वेळ तसेच हातावर धरून उभे राहिले. पाणी गळलं नाही. मग त्यांनी पुढच्या महिन्याचा माल सांगितला. सिंधूबाई बाहेर आल्या, टेम्पोच्या चाकापाशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही चष्मा पुसला. मारोतीभाऊ म्हणाले की उन्हानं होते असं.

पुणे

निघताना लछमाबाईंनी मला एक गठ्ठा दिला होता. घरी येऊन तो सोडला. वर फाटकी, खाली वाळकं पान, सगळं रीतीप्रमाणे. सवयीने मोजल्या. सव्वीस भरल्या. पुन्हा मोजल्या. सव्वीसच, आणि एकूण एक चांगल्या.

माझ्यातला भोसरीवाला जागा झाला. इतक्या लवकर रीत मोडली? मी फोन लावला.

“सिंधूबाई, गठ्ठ्यात एक जास्त आली. मोजताना चुकलं वाटतं कोणाचं?”

पलीकडे त्यांनी ते मोठ्याने शेडला सांगितलं. लांबून लछमाबाईंचा आवाज आला आणि सिंधूबाईंनी तो हसत हसत माझ्यापर्यंत पोहोचवला.

“त्या म्हनते, चुकली नाई. मोजून गिऱ्हाइकाले देतेत. घरच्या मानसाले कोनी मोजून देते का, जी?”

तेवढ्यात फोनमध्ये बैलाची घंटा ठणठणली.

“घंटा झाली भाऊ, काम थांबलं, ठेवा आता,” म्हणत सिंधूबाईंनी माझं काहीही न ऐकता फोन तोडला. काम थांबलं होतं, म्हणजे काम चालू होतं. मिरचीला कोणी गेलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोसमोर सव्विसावी पत्रावळ धरून म्हणालो, “आज ह्याच्यावर वाढ. भातच वाढ.”

तिने पत्रावळ घेतली, मागे-पुढे पाहिली, आणि ती ठेवायची जागा कुठली हे मी सांगायची थोडा वेळ वाट पाहिली. जागा तिची ती ठरवू दे म्हणून मी हात धुवायला गेलो.